फोटोग्राम: कॅमेऱ्याचा थोरला भाऊ

फोटोग्रामला कॅमेरा लागत नाही, लेन्स लागत नाही, फिल्मही लागत नाही. डार्करूमच्या लाल दिव्याखाली ब्रोमाइड पेपर पसरायचा, त्यावर वस्तू मांडायच्या, एन्लार्जरचा दिवा काही सेकंद लावून बंद करायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये टाकायचा. उजेड पडला तिथे काळं, झाकलेलं राहिलं तिथे पांढरं, आणि अर्धवट उजेड झिरपला तिथे करडं. फोटोग्राफी शिकणाऱ्यांना हे सुरुवातीला करायला लावतात आणि मग सगळे ते विसरून जातात. पण घराण्यात थोरलं हेच; कॅमेऱ्यातलं चित्र नंतर आलं.

1802 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकात थॉमस वेजवूड आणि हम्फ्री डेव्ही यांचे प्रयोग छापून आले. सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर आणि चामड्यावर त्यांनी झाडांची पानं, किड्यांचे पंख यांच्या सावल्या उतरवल्या होत्या. गोची एकच, त्या टिकत नव्हत्या. मेणबत्तीच्या मंद उजेडात चित्र पाहायचं आणि पटकन अंधारात ठेवायचं. दिवसाउजेडी आणलं की सगळा कागद काळा.

टिकाऊपणाचं कोडं विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी विल्टशरमधल्या लॅकॉक ॲबीत, 1834 पासून, सोडवत आणलं. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेट, वर पान किंवा लेसचा तुकडा, त्यावर काच, आणि ऊन. मग मिठाचंच दाट द्रावण लावून पुढचं काळवंडणं थोपवायचं. 1839 मध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी हायपो हे रसायन सुचवलं आणि चित्र खऱ्या अर्थाने पक्कं झालं. हर्शेल यांना त्या रसायनाचा चांदीचे क्षार विरघळवण्याचा गुण 1819 पासूनच ठाऊक होता. वीस वर्षं उत्तर हाताशी होतं. प्रश्न विचारणारा उशिरा भेटला.

टॅल्बट यांनी स्वतःच एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. लेसचं असं चित्र थोड्या अंतरावरून दाखवून त्यांनी विचारलं, नक्कल बरी उतरलीय का? पाहणारे म्हणाले, आम्ही असे फसणार नाही. हे चित्र कुठलं, ही तर लेसच आहे. त्या पिढीची हौस एवढीच होती: वस्तू जशीच्या तशी ओळखू यावी.

ही हौस शेवटाला नेली ॲना ॲटकिन्स यांनी, आणि माझ्या मते या कुळातलं पहिलं पान त्यांचंच. समुद्रशेवाळाचे बारीक धागे हाताने अचूक रेखाटणं कठीण, म्हणून त्यांनी हर्शेल यांचीच 1842 ची सायनोटाइप पद्धत घेतली. तिच्यात चांदीऐवजी लोहाचे क्षार असतात आणि चित्र साध्या पाण्याने धुतलं की निळ्यावर पांढरं उमटतं. ऑक्टोबर 1843 पासून दहा वर्षं, भाग-भाग करत, त्यांनी ब्रिटिश शेवाळांचं पुस्तक पुरं केलं. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते मानलं जातं. टॅल्बट यांचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ 1844 चं. प्रस्तावनेखाली मात्र बाईंनी नुसती ‘ए. ए.’ ही आद्याक्षरं घातली.

पुढच्या शतकात पुरुषांनी नावाची ही कसर भरून काढली. 1919 च्या सुमारास जिनिव्हात क्रिस्टियान शाड फाटके कागद, चिंध्या, रस्त्यावरचा कचरा कागदावर मांडून उन्हात ठेवू लागले. ती चित्रं ‘शाडोग्राफ’ झाली. पॅरिसमध्ये मॅन रे यांची ‘रेयोग्राफ’. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी: न वापरलेला कागद चुकून डेव्हलपरमध्ये गेला, त्यांनी सहज त्यावर काचेचं नरसाळं, मापपात्र आणि थर्मामीटर ठेवला, दिवा लावला, आणि डोळ्यांदेखत चित्र उमटलं. हकिकत झकास आहे. पण शाड यांची चित्रं कवी त्रिस्तान त्झारा यांच्याकडे आधीच होती, त्यांनी त्यातलं एक 1920 मध्ये छापलंही होतं, आणि मॅन रे यांच्या पहिल्या संग्रहाला, 1922 च्या ‘शां देलिसिय’ला, प्रस्तावना लिहिली ती याच त्झारांनी. वाचकाने काय ते समजावं.

तरी मॅन रे यांचं श्रेय मोठं आहे. काच उजेड अडवत नाही, वाकवते. म्हणून नरसाळं नरसाळं राहिलं नाही. ॲटकिन्सना शेवाळ ओळखू यायला हवं होतं. मॅन रे यांना वस्तू ओळखू यायला नको होती. 1923 च्या एका छोट्या चित्रपटासाठी तर त्यांनी फिल्मवर सरळ मीठ-मिरपूड भुरभुरवली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये लास्लो मोहॉय-नॉज आणि लुसिया मोहॉय यांनी वस्तूपेक्षा उजेडालाच मान देऊन त्याचे थर रचायला घेतले. पुढे 1937 पासून शिकागोतल्या मोहॉय-नॉज यांच्या शाळेत फोटोग्राम हा पायाचा धडा ठरला. अलीकडे, 1990 च्या दशकात, सुझन डर्जेस यांनी डार्करूमच सोडली. डेव्हनमधल्या टॉ नदीत रात्री मोठाले रंगीत फोटो-कागद बुडवून त्यांनी वरून फ्लॅश मारला, आणि वाहतं पाणी कागदावर उतरलं.

करून पाहायचं असेल तर किल्ली, कात्री, नाणी यांच्या नादी लागू नका. त्यांची पांढरी ठोकळेबाज आकृती येते, बस्स. काचेचा पेला, पाण्याचे थेंब, कांद्याचा पापुद्रा, चुरगळलेला सेलोफेन घ्या. वस्तू काचेवर ठेवून कागदापासून बोटभर उचला, कड मऊ होते. अर्ध्या वेळात दिवा बंद करून वस्तू थोडी सरकवा आणि दिवा पुन्हा लावा, दोन सावल्या एकमेकींत शिरतात. एन्लार्जरमध्ये एखादी जुनी निगेटिव्ह घालून खालच्या कागदावर पान ठेवा. टॉर्चने तिरपा उजेड मारून बघा. आणि डार्करूम नसेल तर सायनोटाइपची दोन रसायनं, जाड कागद आणि दुपारचं ऊन पुरेसं आहे. ॲटकिन्सबाईंकडेही याहून जास्त काही नव्हतं.