देऊळ फिरलं, नंदी राहिला

औंढा नागनाथला नंदी शोधावा लागतो. शंकराच्या देवळात तो एरवी पिंडीसमोर बसलेला असतो, नजर थेट गाभाऱ्याकडे. इथे तो देवळाच्या मागे, वेगळ्या जागी आहे. नवखा माणूस कुणाला तरी कारण विचारतोच, आणि ज्याला विचारलं तो उत्तरादाखल गोष्ट सांगतो. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवून मागे घालवलं. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, तसं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी तेवढा होता तिथेच राहिला.

संपली गोष्ट. चार-पाच वाक्यांची.

निर्जीव वस्तू माणसासारखी वागते तेव्हा त्याला शाळेच्या व्याकरणात चेतनगुणोक्ती अलंकार म्हणतात. अति लघु कथेला हल्ली 'अलक' हे नाव रूढ झालं आहे. नावं कुठलीही असोत, दगडाला माणूसपण देणारी ही एवढीशी अद्भुत कथा निदान चारशे वर्षं सांगितली जाते आहे. औंढा ज्यात आहे तो हिंगोली जिल्हा मात्र कालचा, परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

चारशे वर्षांचा हिशेब अंदाजाचा नाही. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला. त्याच्याच आजच्या रूपात, गुरू ग्रंथसाहिबात, नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यांतल्या भैरव आणि मल्हार रागांतल्या पदांत देवळाचा हा प्रसंग येतो. गावाचं नाव तिथे नाही. आहे तो खालच्या जातीचा म्हणून धरून उठवलेला नामा. तो भांडत नाही. आपली घोंगडी उचलतो, माघारी वळतो आणि देवळामागे जाऊन बसतो. ही घोंगडी फार मोलाची आहे. सगळ्या पदात हातात धरता येईल अशी ती एकच वस्तू, आणि अपमान झालेला माणूस जाताना आपलं अंथरूण बरोबर नेतो, हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे. तो तपशील खरा वाटला की पुढचं अशक्यही पटतं.

देवळाला इथे किती थोडं माणूसपण दिलं आहे, तेही पाहावं. ते बोलत नाही, रडत नाही, पुजाऱ्यांना शापही देत नाही. त्याला कान आहेत आणि त्या कानांनी ऐकलेल्याकडे वळण्याची इच्छा आहे, इतकंच. जे माणसांनी करायला हवं होतं ते दगडानं केलं. पैठणला ज्ञानदेवांच्या रेड्यानं वेद म्हटले ते माणसांनी त्यांचा आणि त्यांच्या भावंडांचा अधिकार नाकारल्यावर. त्या काळच्या या कथांमध्ये वस्तूला आणि जनावराला नेमका तोच गुण मिळतो, जो समोरच्या माणसांत कमी पडलेला असतो. म्हणून त्या चमत्काराच्या असूनही चमत्कारापाशी थांबत नाहीत.

औंढ्याचीच दुसरी गोष्ट विसोबा खेचरांची. नामदेव गुरूच्या शोधात आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना ते खपेना. विसोबा म्हणाले, म्हातारपणी पाय उचलवत नाहीत बाबा, जिथे देव नसेल तिथे तूच ठेव. नामदेव पाय उचलून ज्या ज्या जागी ठेवतात, तिथे तिथे खाली पिंड येते. या गोष्टीतही दगड चालतो, पण एक शब्द बोलत नाही.

नामदेवांच्याच काळात महानुभाव पंथीयांनी छोटी गोष्ट वेगळ्या रीतीनं वापरली. केशोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरांचे ११४ दृष्टांत आहेत. आधी सूत्र, मग गोष्ट, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा उलगडा. मांडणी देखणी आहे, मराठी गद्याचा तो मोठा ठेवा आहे. पण तिथे अर्थ ग्रंथकारानं हाती दिलेला असतो. औंढ्याच्या गोष्टीला दार्ष्टांतिक नाही. तिला नंदी आहे, आणि तो पाहून प्रत्येकानं आपला अर्थ लावायचा.

देऊळही या गोष्टीला साथ देतं. खालचा भाग यादवकालीन, काळ्या दगडाचा, शिल्पांनी भरलेला. वरचा नंतर बांधलेला, चुन्याचा. एकाच इमारतीत दोन काळ एकमेकांवर बसलेले दिसतात. ज्योतिर्लिंग जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद वाटेनं अंग चोरून खाली उतरायचं आणि आत वाकूनच वावरायचं. त्या कोंदट, ओलसर काळोखातून वर येऊन माणूस मागे फिरतो आणि नंदीसमोर उभा राहतो, तेव्हा एवढं जड बांधकाम एका गाण्यासाठी वळलं ही कल्पना अंगावर येते.

कयाधूच्या काठचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात, जन्म १२७०चा. तिथून ते पंढरीला आणि पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांत देऊळ फिरल्याचं पद आजही रागात गायलं जातं. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी औंढा पाहिलेलंही नसतं. नांदेडला हुजूरसाहिबाच्या दर्शनाला आलेले भाविक मात्र नर्सीपर्यंत येतात, बाबा नामदेवांपुढे माथा टेकतात. त्यांच्या पदातलं देऊळ, मागे बसलेल्या नंदीसकट, नर्सीच्याच जिल्ह्यात आहे.