सुतारकामाची जड मशीन नव्या जागेत हलवायचीय? टेम्पो बोलावण्याआधी हे वाचा

चार पाईप, एक पहार, दोन माणसं आणि त्यांच्यापुढे सरकत जाणारी भलीमोठी मशीन. असं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. खाली कमेंट ठरलेली: ‘जुगाड लेव्हल १००’. पण रील तीस सेकंदांचं असतं. त्याआधीची दोन दिवसांची तयारी त्यात दिसत नाही आणि ज्या वेळी मशीन आडवी झाली, त्या वेळचा व्हिडिओ कुणी टाकत नाही.

शहरांत जुने वाडे पाडले जातायत, गाळ्यांची भाडी वाढतायत. त्यामुळे सुतारकामाची अनेक वर्कशॉप गावाबाहेरच्या शेडमध्ये जातात. कुणी रिटायर झाल्यावर गावच्या घरी छंदासाठी वर्कशॉप थाटतं, कुणी वडिलांच्या मशीन स्वतःच्या घरी आणतं. सोफा-कपाट नेणाऱ्या गाडीतून या मशीन नेता येतील का? नेता येतात, पण त्यांचे नियम वेगळे आहेत. ते समजून घेऊ.

आधी प्रश्न वजनाचा

रंधा मशीन, थिकनेसर, बँड सॉ, गोल करवतीची मशीन, लेथ. यातल्या जुन्या आणि चांगल्या मशीनचा सांगाडा बिडाचा असतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड, कास्ट आयर्न. एक घनफूट बीड साधारण २०० किलो भरतं. म्हणून दिसायला टेबलाएवढी असलेली रंधा मशीन तीनशे-चारशे किलोंची निघते आणि मोठ्या चाकांचा बँड सॉ अर्ध्या टनाच्या पुढे जातो.

एवढं वजन बिडाचंच का? कारण मशीन थरथरली तर लाकडावर लाटा उमटतात. बीड ती थरथर शोषून घेतं. पण त्याचा एक दोष आहे. ते दाब सोसतं, धक्का सोसत नाही. स्टीलचा पत्रा पडला तर वाकतो, बीड पडलं तर तडकतं. तडकलेलं बीड साध्या वेल्डिंगने नीट जुळत नाही आणि जुळलं तरी टेबल पुन्हा सपाट होईल याची खात्री नसते. म्हणजे दोन फुटांवरून एकदा निसटलेली मशीन थेट भंगाराच्या भावात जाऊ शकते.

मशीनवरच्या प्लेटवर किंवा कंपनीच्या पुस्तिकेत वजन लिहिलेलं असतं. ते सापडत नसेल तर त्याच मॉडेलची माहिती शोधा. ‘असेल दोनशे किलो’ असा अंदाज बांधून माणसं बोलावू नका.

पहिलं काम नव्या जागेत

बहुतेक लोक जुन्या जागेतून सुरुवात करतात. खरं तर टेप घेऊन आधी नव्या जागेत जायला हवं.

- दार: रुंदी चौकटीच्या आतल्या बाजूने मोजा. दारानंतर लगेच वळण असेल तर मशीन वळेल का, तेही बघा. पुठ्ठा मशीनच्या मापाचा कापून जमिनीवर फिरवला की लगेच कळतं.
- जमीन: आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या खोल्यांचे स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरातला भार धरून डिझाइन होतात. पाचशे किलोंची मशीन जेमतेम अर्धा चौरस मीटर जागेवर उभी राहते. त्यामुळे वरच्या मजल्यावर मशीन न्यायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. शक्यतो तळमजलाच बरा.
- मोकळी जागा: आठ बाय चारची प्लाय कापायची तर करवतीच्या पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट लागतात. मशीन कुठे बसणार ते खडूने जमिनीवर आखा. जड मशीन एकदा बसली की पुन्हा सरकवायचा उत्साह कुणालाच उरत नाही.
- वीज: मोठ्या मोटारींना ४१५ व्होल्टचं थ्री फेज कनेक्शन लागतं. ते नसेल तर अर्ज आधीच करा. मशीन येऊन पडल्या आणि मीटर नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.
- परवाना: गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून दिलेल्या आदेशांनंतर आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आहे. तुमच्याकडे लाकूड चिरायचा मोठा बँड सॉ किंवा आरा असेल, तर जागा बदलण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करा.

खोलायचं किती?

सुटं होईल ते सगळं सुटं करा, पण जुळणी बिघडेल असं काही खोलू नका.

रंध्याची पाती, करवतीचं पातं आणि बँड सॉचा पट्टा आधी काढा. कामगाराचा हात कुठेही पडू शकतो आणि धारदार पातं मशीन बंद असतानाही कापतं. पट्टा काढण्याआधी त्याचा ताण सोडा. मोटर, गार्ड, फेन्स आणि बाजूची जोड-टेबलं काढली की वजन बरंच उतरतं. रंधा मशीनची मुख्य टेबलं मात्र हलवू नका, कारण ती पुन्हा एका पातळीत आणणं कसबी काम आहे.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा, वायर जोडलेल्या पेटीचे तर नक्कीच. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यावर मशीनचं नाव लिहा. वायर सोडवायचं काम वायरमनकडूनच करून घ्या.

टेबलाच्या उघड्या बिडावर तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात फिरवा. पावसाळ्यात मशीन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दिवसेंदिवस ठेवू नका. आत ओल कोंडते आणि टेबलावर गंज चढतो.

उचलायचं कसं? ताकद कमी, टेकू जास्त

इथे पहार कामी येते. पाच फुटी पहारीच्या टोकापासून सहा इंचांवर टेकू ठेवला, तर तुमच्या बाजूला साडेचार फूट उरतात. म्हणजे जोर नऊपट होतो. तुम्ही ४० किलोंचा दाब दिला की टोकाशी ३६० किलो उचलले जातात. शिवाय मशीनची एकच बाजू उचलायची असल्याने पहारीवर जवळपास निम्मंच वजन येतं. सहाशे किलोंच्या मशीनची एक कड एक माणूस उचलू शकतो तो असा.

पण नियम एकच: एक इंच उचला, एक इंच लाकूड सारा. पहारीच्या भरवशावर मशीन अधांतरी ठेवायची नाही. लाकूड सारताना हात खाली घालायचा नाही, ते दुसऱ्या काठीने ढकलायचं. या कामात बोटं जातात ती बहुतेक याच क्षणी.

मग मशीनच्या पायांखाली चार बाय चारचे दोन मजबूत लाकडी ओंडके बोल्टने आवळा. याचे दोन फायदे. मशीनचा तळ रुंद होतो आणि खाली पाईप घालता येतात. बँड सॉसाठी हे फारच गरजेचं आहे. त्याचं वजन वर आणि पाय अरुंद असतात. गुरुत्वमध्य तळाच्या बाहेर गेला की कितीही माणसं धरायला असली तरी तो थांबत नाही.

सपाट जमिनीवर पाईप उत्तम चालतात. निदान चार पाईप ठेवा. मागचा सुटला की पुढे नेऊन टाका, म्हणजे तीन कायम खाली राहतात. फरशी गुळगुळीत असेल तर हँड पॅलेट ट्रक आणखी सोपा. उतारावर मात्र पाईप नकोत. तिथे मशीन मागून चेन पुलीने बांधून इंचाइंचाने सोडायची आणि खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

पट्ट्यांचा कोन: सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट

क्रेनने, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘हायड्रा’ने, मशीन उचलताना दोन पट्टे लावतात. मशीन ५०० किलोंची, पट्टे दोन, म्हणजे प्रत्येकावर २५० किलो? पट्टे सरळ उभे असतील तरच.

पट्टे जितके पसरट, तितका त्यांच्यावरचा ताण जास्त. जमिनीशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण २९० किलो येतात. कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण ५०० किलो! वजन तेच, पट्टे तेच, तरी ताण दुप्पट. म्हणून पट्टे लांब घ्या, कोन उभा ठेवा आणि पट्ट्यावर लिहिलेली क्षमता वाचा. पट्टा मशीनच्या मुख्य सांगाड्याला किंवा कंपनीने दिलेल्या हुकालाच लावायचा. टेबल, हँडव्हील, मोटर यांना लावायचा नाही.

हायड्रा बोलावण्याआधी गल्लीची रुंदी आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा बघून घ्या.

गाडीत आणि रस्त्यात

छोटा हत्ती साधारण पाऊण टन नेतो. दोन मशीन चढवल्या की ही मर्यादा संपू शकते. ‘जवळच तर जायचंय’ म्हणून जास्त भरलं, तर पहिल्या उतारावर ब्रेक अपुरे पडतात.

मशीन केबिनच्या बाजूला, गाडीच्या मधोमध आणि उभीच ठेवा. पुस्तिकेत परवानगी नसेल तर बँड सॉ आडवा करू नका. चारही कोपऱ्यांतून रॅचेट पट्टे आवळा आणि ओंडक्यांना लागून फळीवर लाकडी ठोकळे ठोका. चार-पाच किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा. धक्क्यांनी ते सैल होतात.

आणि मशीन धरून ठेवायला मागे कुणालाही बसवू नका. अर्ध्या टनाची मशीन सरकली तर माणूस तिला थांबवू शकत नाही, तो फक्त तिच्या आणि फळीच्या मध्ये सापडतो. या पूर्ण लेखातली एकच ओळ लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

काम कुणाला द्यायचं?

घरसामान हलवणाऱ्या सगळ्यांनाच हे काम जमतं असं नाही. मशीन शिफ्टिंग करणाऱ्या लोकांना आधी जागा दाखवा. वजन, वाट आणि पायऱ्या याबद्दल जो प्रश्नच विचारत नाही, त्याला काम देऊ नका. नुकसान झालं तर भरपाई कोण देणार हे लेखी घ्या आणि वाहतुकीच्या विम्याचीही चौकशी करा.

महाराष्ट्रात हमाल-माथाडी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे. ओझी वाहणाऱ्या माणसांना ठरलेली मजुरी आणि संरक्षण मिळावं म्हणून तो झाला. मजुरीत घासाघीस करताना आठवावं की मशीनखाली हात त्यांचा असतो. चांगले हातमोजे, जाड बूट आणि मध्ये विश्रांती यात कंजुषी नको. हुकूम एकानेच द्यायचा. मालक एक बोलतोय, मिस्त्री दुसरंच बोलतायत, अशाने घोळ होतो. ‘थांबा’ मात्र कुणीही ओरडलं तरी सगळ्यांनी थांबायचं.

बसवल्यावर लगेच बटण दाबू नका

आधी पाणसळ लावून टेबल दोन्ही दिशांनी तपासा. कमी पडेल तिथे पायाखाली धातूची पातळ पट्टी सारा. चारही पाय टेकल्याशिवाय बोल्ट आवळू नका, नाहीतर सांगाड्याला पीळ बसतो. गुण्या लावून फेन्स आणि पातं काटकोनात आहेत का ते बघा.

मग अर्थिंग जोडून घ्या आणि मोटर फिरवून बघा, तीही पातं आणि पट्टा न लावता. थ्री फेजमध्ये वायरींचा क्रम बदलला तर मोटर उलटी फिरते आणि नव्या जागेत क्रम जुन्यासारखाच असेल असं नाही. करवत उलटी फिरली तर तिचा नट सैल होऊ शकतो. उपाय साधा आहे: वायरमन तीनपैकी कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करतो. हे तपासायला दोन मिनिटं लागतात.

दिशा बरोबर आली की पाती चढवा, गार्ड लावा आणि एक जुनी फळी रंध्यावरून काढा. फळीवर लाटा नसतील आणि आवाज पूर्वीसारखाच येत असेल, तर मशीन नव्या घरी नीट पोचली. आता सगळ्यांसाठी चहा सांगा.