अभ्यासक्रम कोणासाठी? जे. पी. नाईक यांच्या कार्याचा मागोवा

खडकीत १८६९ साली दारूगोळा कारखाना उभा राहिला आणि हे गाव हातांच्या कौशल्यावर जगू लागले. येथील किती घरांत वडील यंत्रावरचे अवघड काम बिनचूक करीत. परंतु त्यांच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात त्या कौशल्याला जागा नसे. शिकणे म्हणजे हाताने काम करण्यापासून सुटका, अशीच समजूत घरात आणि शाळेत रुजली होती. ही फारकत केवळ खडकीची नव्हती. परकीय सत्तेतून मुक्त झालेल्या अनेक देशांना ती वारसा म्हणून मिळाली होती. ती मिटविण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांत जयंत पांडुरंग नाईक या महाराष्ट्रपुत्राचे नाव आदराने घ्यावे लागेल.

नाईकांचा जन्म १९०७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी येथे झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. शिक्षणाचा प्रश्न त्यांना प्रथम भेटला तो असा, खेड्याच्या वाटेवर. १९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा व त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांचा मोठा वाटा होता.

१९६४ साली भारत सरकारने शिक्षण आयोग नेमला. पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंग कोठारी हे त्याचे अध्यक्ष, तर नाईक सदस्य-सचिव होते. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जपान आणि रशिया येथील तज्ज्ञही आयोगावर होते. २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर झाला. पहिल्या दहा वर्षांत सर्वांना विज्ञान व गणित, शिक्षणात कार्यानुभव आणि समाजसेवा, गरीब-श्रीमंतांच्या मुलांसाठी समान शाळा, आणि ज्यांना दिवसभर शाळेत येणे शक्य नाही त्यांच्यासाठी अर्धवेळ शिक्षण, अशा त्याच्या शिफारशी होत्या. पुढच्याच वर्षी टांझानियात ज्युलियस न्येरेरे यांनी ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हे धोरण मांडले. न्येरेरे स्वतः शिक्षक होते आणि श्रद्धावंत कॅथोलिक होते. शाळेने मुलाला त्याच्या गावापासून तोडू नये, ही तळमळ दोघांचीही होती.

परंतु कागदावरचा अभ्यासक्रम वर्गात उतरताना बदलतो. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली. वर्षांची मांडणी बदलली. शिक्षणाचा आत्मा मात्र फारसा बदलला नाही. कार्यानुभव हा वेळापत्रकातील एक तास झाला. त्या तासासाठी कागदी फुले नि तोरणे करावयाची, आणि तीही पुष्कळदा आईने रात्री जागून करावयाची! परीक्षेत ज्याला मोल नाही त्याला पालकही मोल देत नाहीत, हा अनुभव टांझानियालाही चुकला नाही.

नाईकांचा मोठेपणा असा की, हे अपयश त्यांनी झाकले नाही. आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याची परखड चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ साली प्रसिद्ध झाला. दिल्लीतून दिलेला आदेश पुरेसा नाही, हे ओळखून ते पुन्हा लोकांकडे वळले. १९७६ साली त्यांची संस्था पुण्यात आली. १९७९ पासून डॉ. चित्राताईंच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शाळेबाहेरच्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. दिवसभर गुरे राखणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी दिवेलागणीनंतर पाटी घेऊन बसू लागली. शिकविणारी व्यक्ती गावातलीच असे. परीक्षेच्या धास्तीऐवजी मुलांचे मेळावे भरत. येथे मुलाने शाळेच्या घड्याळाप्रमाणे चालावे असा हट्ट नव्हता. शाळेनेच आपले घड्याळ मुलाच्या दिवसाशी जुळवून घेतले होते. नाईक १९८१ साली निवर्तले, पण हे काम पुढे चालत राहिले. युनेस्कोने जगातील शिक्षणविचारवंतांची चरित्रमाला काढली, तेव्हा गांधीजी आणि रवींद्रनाथ यांच्याबरोबर तीत नाईकांचाही समावेश केला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख करून देण्याचे ठरविले आहे. विचार जुनाच आहे; म्हणूनच जुनी चूकही पुन्हा घडू शकते. धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देताना आम्ही धर्मगुरू मुलांना सहज विचारतो, “किती टक्के मिळाले?” “घरी कोणाला मदत केलीस? हाताने काय घडविलेस?” हे प्रश्न आमच्याही तोंडी क्वचितच येतात. नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूचे नाव आपल्या शाळांना आपण अभिमानाने जोडतो. मग श्रमाला कमी लेखणारे शिक्षण आपल्या अंगणात कसे शोभेल? अभ्यासक्रम सरकार तयार करील. परंतु मुलाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, ते ठरविणे तर आपल्याच हाती आहे.