आनुवंशिक रोगप्रतिकारक्षमता-न्यूनता : बालकांतील निदानाचा इतिहास

संसर्गजन्य रोगांचा प्रतिकार करणाऱ्या शरीरयंत्रणेतील एखादा घटक जीनमधील (आनुवंशिक लक्षणे मातापित्यांकडून अपत्यात नेणाऱ्या एककातील) दोषामुळे जन्मतःच नसणे अथवा निकामी असणे, यास ‘आनुवंशिक रोगप्रतिकारक्षमता-न्यूनता’ म्हणतात. कुपोषण, काही औषधे किंवा एड्सचा व्हायरस यांमुळे जन्मानंतर उद्‌भवणारी न्यूनता यात मोडत नाही. आंतरराष्ट्रीय तज्ञ समितीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात अशा ४८५ विकारांची नोंद आहे. त्यांपैकी बहुतेक विकार स्वतंत्रपणे पाहिल्यास अत्यंत विरळ आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांना रोगप्रतिकारक्षमतेचे विकार म्हणून ओळखले गेले नव्हते.

याचे कारण वैद्यकीय अज्ञान एवढेच नव्हते. ज्या काळी निरोगी बालकेही फुप्फुसशोथ, अतिसार व मस्तिष्कावरणशोथ यांना मोठ्या संख्येने बळी पडत, त्या काळी प्रतिकारशक्तीच नसलेले बालक त्यांच्यात वेगळे दिसणे शक्य नव्हते. ते पहिल्या किंवा दुसऱ्या आजारातच दगावे. पेनिसिलीन प्रचारात आल्यावर अशी काही बालके बरी होऊन घरी जाऊ लागली आणि काही आठवड्यांनी त्याच आजाराने पुन्हा रुग्णालयात येऊ लागली. या पुनरावृत्तीमुळे वैद्यांचे लक्ष रोगजंतूंकडून रुग्णाकडे वळले.

काही कुटुंबांतील नोंदी मात्र त्याआधीच्या आहेत. म्यूनिक येथील आल्फ्रेट व्हिस्कोट यांनी १९३७ मध्ये रक्तस्राव, इसब व वारंवार कान फुटणे ही लक्षणे असलेल्या तीन भावांचे वर्णन केले. त्यांच्या बहिणी निरोगी होत्या. मिनेसोटातील रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी १९५४ मध्ये डच वंशाच्या एका कुटुंबाची अनेक पिढ्यांची माहिती जमवून हा विकार मातेच्या बाजूने येतो व केवळ मुलग्यांत प्रकट होतो, असे दाखविले. या विकारास आज या दोघांचे नाव आहे. कुळवृत्तांत काळजीपूर्वक विचारणे हे या क्षेत्रातील पहिले जननिक साधन होते.

रक्तपरीक्षेवर आधारलेले निदान १९५२ मध्ये सुरू झाले. वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील बालरोगतज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. चार वर्षांच्या अवधीत त्याला जंतुसंसर्गाचे तीव्र आजार पुन्हा पुन्हा झाले होते आणि रक्तात न्यूमोकॉकस जंतू वारंवार सापडले होते. लस टोचूनही त्याच्या रक्तात प्रतिपिंडे (विशिष्ट रोगजंतूंविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिने) निर्माण होत नव्हती. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस यांनी विकसित केलेल्या विद्युत् संचारण पद्धतीने (विद्युत् क्षेत्रात प्रथिने त्यांच्या निरनिराळ्या गतींनुसार अलग करण्याच्या पद्धतीने) त्याचा रक्तरस तपासला असता गॅमा ग्लोब्युलिनाचा भाग अजिबात आढळला नाही. ब्रूटन यांनी दर महिन्यास गॅमा ग्लोब्युलिनाची अंतःक्षेपणे सुरू केली व मुलाचे आजार थांबले. निदान आणि उपचार एकाच निबंधात प्रसिद्ध व्हावेत, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. हा विकार लिंग-सहलग्न आहे हे त्यानंतर मुलग्यांचे आणखी रुग्ण आढळत गेले तसे स्पष्ट झाले.

याहून भयंकर विकाराची नोंद स्वित्झर्लंडमध्ये ग्लान्झमान व रिनिकर यांनी १९५० मध्ये केली होती. या अर्भकांच्या रक्तात लसीका कोशिका जवळजवळ नसत. तोंडात बुरशीची पांढरी पुटे, न थांबणारा अतिसार व फुप्फुसांचा संसर्ग होऊन ती वर्ष-दीड वर्षातच मरण पावत. प्रतिपिंडे बाहेरून पुरवूनही ती वाचत नव्हती. त्याचे कारण १९६० नंतर कळले. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी यौवनलोपी ग्रंथीचे (छातीच्या वरच्या भागात असलेल्या व वयात आल्यावर लहान होत जाणाऱ्या ग्रंथीचे) कार्य उलगडले. मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी १९६५ मध्ये कोंबड्यांच्या अभ्यासातून प्रतिकारयंत्रणेचे दोन स्वतंत्र विभाग असल्याचे दाखविले : एक यौवनलोपी ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या ‘टी’ लसीका कोशिकांचा व दुसरा प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या ‘बी’ कोशिकांचा. ब्रूटन यांच्या रुग्णात दुसरा विभाग नव्हता. स्वित्झर्लंडमधील बालकांत दोन्ही विभाग निकामी होते. या दुसऱ्या प्रकारास ‘तीव्र संयुक्त न्यूनता’ म्हणतात. गुड यांच्या मिनेसोटातील गटाने १९६८ मध्ये अशा एका पाच महिन्यांच्या मुलास बहिणीची अस्थिमज्जा देऊन वाचविले. त्यामुळे पूर्वी केवळ मृत्यूचे कारण सांगणाऱ्या निदानाला अकस्मात तातडीचे मोल आले.

रेणवीय कारण प्रथम सापडले ते योगायोगाने. सिअ‍ॅटल येथील एलोइस गिब्लेट या रक्तगट व रक्तातील एंझाइमांच्या आनुवंशिक भेदांच्या तज्ञ होत्या. तीव्र न्यूनता असलेल्या एका मुलीसाठी अस्थिमज्जेचा जुळणारा दाता शोधताना तिचे रक्त त्यांच्याकडे आले. तिच्या तांबड्या कोशिकांत ॲडिनोसीन डीॲमिनेज हे एंझाइम मुळीच नव्हते आणि मातापित्यांत ते सुमारे निम्म्या प्रमाणात होते. आणखी एका मुलीत हेच आढळल्यावर १९७२ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. मातापित्यांतील निम्मे प्रमाण म्हणजे अप्रभावी आनुवंशिकतेचा मापता येण्याजोगा पुरावाच होता. हे एंझाइम गर्भजलातील कोशिकांतही मोजता येत असल्याने १९७५ मध्ये या विकाराचे प्रसूतिपूर्व निदान करण्यात आले.

बहुसंख्य कुटुंबांना मात्र हा मार्ग उपलब्ध नव्हता. ह्यूस्टन येथे १९७१ मध्ये जन्मलेल्या एका मुलाची हकीगत जगभर गाजली. त्याचा थोरला भाऊ तीव्र संयुक्त न्यूनतेने मरण पावला होता. गर्भावस्थेत त्याचे केवळ लिंग कळू शकत होते. विकार आहे की नाही हे नव्हे. म्हणून जन्मतःच त्याला प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवण्यात आले व बारा वर्षे तो तेथेच वाढला. पुढे बहिणीची अस्थिमज्जा देण्यात आली. तीत सुप्तावस्थेत असलेल्या एप्स्टाइन-बार व्हायरसामुळे त्याला लसीका कोशिकांचा कर्करोग झाला व फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याचा अंत झाला. लिंग-सहलग्न तीव्र न्यूनतेचा जीन त्यानंतर नऊ वर्षांनी सापडला.

मधल्या काळातील एका युक्तीचा उल्लेख सहसा केला जात नाही. पण ती अत्यंत मार्मिक होती. स्त्रीच्या प्रत्येक कोशिकेत दोन ‘एक्स’ गुणसूत्रे असतात व त्यांपैकी एक, कोणतेही, निष्क्रिय होते. त्यामुळे निरोगी स्त्रीच्या लसीका कोशिकांपैकी साधारण निम्म्यांत पित्याकडील व निम्म्यांत मातेकडील गुणसूत्र कार्यरत असते. वाहक स्त्रीत मात्र सदोष गुणसूत्र कार्यरत असलेल्या लसीका कोशिका वाढतच नाहीत; म्हणून तिच्या सर्व लसीका कोशिकांत एकच, निर्दोष गुणसूत्र कार्यरत आढळते. मेरी एलेन कॉनली, जेनिफर पक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६–८७ मध्ये या एकतर्फीपणावरून वाहक स्त्रिया ओळखून दाखविल्या. जीन कोणता हे ठाऊक नसताना त्याचा परिणाम वाचण्याचा हा प्रकार होता.

प्रत्यक्ष जीन हाती येण्यास १९८६ मध्ये प्रारंभ झाला. दीर्घकालिक कणार्बुदी रोगात श्वेत कोशिका जंतू गिळतात, परंतु त्यांना मारू शकत नाहीत. रंगद्रव्याच्या साध्या परीक्षेने हा रोग १९६० नंतरच्या दशकातच ओळखता येऊ लागला होता आणि १९७९ मध्ये गर्भाच्या रक्तावरही ती परीक्षा करण्यात आली. एका मुलात हा रोग, स्नायूंचा अपक्षय व दृष्टिपटलाचा विकार एकत्र होते. त्याच्या एक्स गुणसूत्राचा एक लहानसा भागच गळालेला होता. त्या आधारे बॉस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने जीन शोधला. प्रथिनाची काहीही माहिती नसताना केवळ गुणसूत्रावरील स्थानावरून शोधलेला रोगकारक जीन म्हणून तो सर्वच आनुवंशिकीविज्ञानात महत्त्वाचा ठरला. त्यानंतर १९९३ या एकाच वर्षी ब्रूटन यांच्या विकाराचा जीन लंडन व लॉस अँजेल्स येथील गटांनी स्वतंत्रपणे आणि लिंग-सहलग्न तीव्र न्यूनतेचा जीन अमेरिकेत दोन गटांनी शोधून काढला. व्हिस्कोट-ऑल्ड्रिच विकाराचा जीन १९९४ मध्ये मिळाला. १९९५–९६ मध्ये अप्रभावी रीतीने येणाऱ्या तीव्र न्यूनतेचे जीन मिळाले. मातापिता दोघेही वाहक असतील तरच अशा विकाराचे अपत्य जन्मते. म्हणून ज्या समाजांत मामाची मुलगी करण्याची किंवा मामा-भाचीच्या विवाहाची रूढी आहे, तेथे असे विकार अधिक संभवतात.

या शोधांचा सर्वांत मोठा लाभ बहुधा प्रसूतिपूर्व निदानात झाला. पूर्वी लिंग-सहलग्न विकाराच्या कुटुंबाला गर्भ मुलाचा आहे एवढेच सांगता येई. अशा मुलग्यांपैकी सरासरीने निम्मे निरोगी असत. भीतीपोटी तेही गमावले जात. विशिष्ट उत्परिवर्तन (जीनमधील बदल) ठाऊक झाल्यावर वारेच्या कोवळ्या ऊतकाच्या अंशावरून गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास नेमके उत्तर देता येऊ लागले. भारतात हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला व केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. त्या कायद्याने लिंग सांगण्यास मनाई केली. परंतु लिंग-सहलग्न आनुवंशिक रोगांच्या निदानास नियमांच्या अधीन राहून मुभा ठेवली. हा विवेक योग्यच म्हटला पाहिजे.

एकेक जीन तपासण्याऐवजी प्रथिनांची माहिती असलेले सर्व जीनभाग (एक्झोम) एकदम वाचण्याची पद्धत २००९ च्या सुमारास उपलब्ध झाली. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथील एका लहान मुलाच्या आतड्यांना अनाकलनीय व्रण पडत होते आणि त्याला शंभराहून अधिक वेळा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले होते. या पद्धतीने त्याच्या एक्स गुणसूत्रावरील एका जीनचा दोष उघड झाला व प्रतिरोपणाचा निर्णय घेता आला. ही हकीगत २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि अशा वाचनात प्रत्येक व्यक्तीत हजारो बदल आढळतात व त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादा बदल रोगकारक आहे हे ठरविण्यास संबंधित प्रथिन कोशिकेत आहे की नाही आणि ते कार्य करते की नाही हे पहावेच लागते. त्यामुळे जुन्या परीक्षा कालबाह्य झाल्या, हा समज बरोबर नाही.

निदान अचूक होत गेले तरी ते वेळेवर होत नव्हते. लसीका कोशिका नसलेले बालक जन्मतः अगदी सुदृढ दिसते; मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे त्याला काही काळ सांभाळतात. यावर उपाय सापडला तो नवजाताच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबात. टी कोशिका यौवनलोपी ग्रंथीत तयार होताना तिच्या डीएनएचा (आनुवंशिक द्रव्याचा) एक तुकडा कापला जाऊन त्याचे वर्तुळ बनते. थेंबात ही वर्तुळे आढळली नाहीत, तर टी कोशिका नाहीत असे समजते. चॅन व पक यांनी २००५ मध्ये ही परीक्षा सुचविली. विस्कॉन्सिनमध्ये ती २००८ पासून सर्व नवजातांसाठी सुरू झाली व २०१८ अखेर अमेरिकेच्या सर्व पन्नास राज्यांत पोहोचली. तीस लाखांहून अधिक अर्भकांच्या पाहणीत (२०१४) तीव्र न्यूनतेचे प्रमाण ५८,००० जन्मांमागे एक आढळले. पूर्वी ते लाखात एक मानले जाई. हा फरक निदानाविना मरण पावणाऱ्या बालकांचा असावा. वेळेचे मोल २०१४ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसते. त्यात २००० ते २००९ या काळात प्रतिरोपण झालेल्या २४० अर्भकांपैकी साडेतीन महिन्यांच्या आत प्रतिरोपण झालेली ९४ टक्के बालके पाच वर्षांनंतर जिवंत होती; त्याहून मोठ्या, पण तोवर संसर्ग न झालेल्या बालकांत हे प्रमाण ९० टक्के व संसर्ग होऊन बरा झालेल्यांत ८२ टक्के होते. या परीक्षेने कोणता जीन सदोष आहे हे कळत नाही, तसेच ब्रूटन यांचा विकार किंवा कणार्बुदी रोगही कळत नाही.

भारतात ही नवजात-परीक्षा राष्ट्रीय स्तरावर सर्वांसाठी नाही आणि येथे आणखी एक अडचण आहे. क्षयप्रतिबंधक बीसीजी लस जन्मतःच टोचतात. ती जिवंत, दुबळ्या केलेल्या जंतूंची असते. सर्वसाधारण बालकांना ती हितकर असली, तरी प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकात हे जंतू शरीरभर पसरू शकतात. डाव्या दंडावर लस टोचल्यानंतर त्या बाजूच्या काखेतील गाठ मोठी होऊन वाहू लागणे व बालकाचे वजन न वाढणे, हे येथे पुष्कळदा न्यूनतेचे पहिले चिन्ह असते. पण क्षय समजून केवळ त्याचाच उपचार होण्याचा संभव असतो. कुटुंबात आधीचे मूल लहानपणी दगावल्याचा इतिहास असेल, तर पुढच्या बालकाला लस देण्यापूर्वीच रक्ततपासणी होणे इष्ट असते.

मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, तसेच चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था येथे या विकारांच्या निदानाचे काम चालते. केंद्र शासनाच्या विरळ रोगांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात (२०२१) तीव्र संयुक्त न्यूनता, कणार्बुदी रोग व व्हिस्कोट-ऑल्ड्रिच विकार यांचा प्रतिरोपणाने बरे होण्याजोग्या रोगांत समावेश आहे. निदान पूर्ण होण्यापूर्वीच बालक अत्यवस्थ झाल्यास मातापित्यांच्या संमतीने त्याच्या रक्ताचा थोडा नमुना डीएनएसाठी जपून ठेवतात. पुढील गर्भारपणात नेमके काय तपासावयाचे हे त्यावरून ठरविता येते.