भिंतींतला पिंजरा

जुन्या पोर्तुगीजांत एक म्हण होती. ज्याने गोवा पाहिला, त्याला लिस्बन पाहण्याचे कारण उरत नाही. त्या हिशेबाने मला लिस्बनला जाण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. आमचे घर बांद्याचे. गोव्याची हद्द तासाभराच्या चालीवर. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आम्हाला घरच्या माजघरासारखा, आणि जुन्या गोव्यातली ती उंचच उंच चर्चे शाळेच्या सहलीत मी इतक्यांदा पाहिली आहेत, की त्यांतल्या खांबांची संख्या मला तोंडपाठ असायला हरकत नव्हती.

पण पुतणी नोकरीनिमित्त लिस्बनला आहे आणि तिने एकदम तिकीटच पाठवले. प्रश्न उरला तो आजीच्या संमतीचा. आजीचे वय ब्याण्णव. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या ज्या तुकड्या पत्रादेवीच्या हद्दीतून गोव्यात शिरल्या, त्यांतल्या एकीत माझे आजोबा होते. त्या दिवशी गोळीबार झाला, माणसे पडली. आजोबा जिवानिशी परतले, परंतु माराने उजवे मनगट कायमचे वाकडे झाले. पुढे मरेपर्यंत ते डाव्या हाताने जेवले, आणि त्या लाजेने पंगतीला बसायचे त्यांनी सोडून दिले. अशा घरातला नातू पोर्तुगालची राजधानी पाहायला निघाला, म्हणजे काय बोलणी खावी लागतील याची मी मनाशी तयारी केली होती. आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "जा झिला, बघून ये. पण इल्यावर आमका खरां काय तां सांग."

आता एखाद्याला 'खरे काय ते सांग' म्हणणे सोपे असते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत इतिहास शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. म्हणजे अर्धा वेळ खरे सांगण्याचा आणि अर्धा वेळ खोटे रचण्याचा धंदा! तरी आजीच्या शब्दाची गाठ उपरण्याला बांधून मी निघालो.

तेजो नदीच्या रुंद मुखाशी, टेकड्यांवर टेकड्या रचाव्या तसे हे शहर वसले आहे. पहिल्याच सकाळी पुतणीने मला अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसवले. पिवळ्या रंगाची ती चिमुकली ट्राम चढणीवर अशी कुरकुरते, की खाली उतरून मागून ढकलावे असे वाटते. ती आल्फामा नावाच्या मोहल्ल्यात शिरली आणि मला खिडकीतून हात आत घ्यावा लागला. घरे इतकी जवळ! आल्फामा हे नावच मुळी अरबी. ऊन पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेले. ११४७ साली अफोन्सो एन्रिकेश या राजाने अरबांकडून लिस्बन जिंकले. त्याआधी चार शतके इथे मुसलमानी अंमल होता. राज्य गेले, पण गल्ल्या राहिल्या. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावावी अशा अरुंद, मध्येच पायऱ्या, मध्येच कुणाचे अंगण, वर दोरीवर वाळणारे कपडे. एक म्हातारी खिडकीत बसून समोरच्या घरातल्या म्हातारीशी आवाज न चढवता बोलत होती. मला आमच्या आळीची आठवण झाली.

इथल्या घरांच्या भिंतींवर चकचकीत रंगीत फरशा बसवलेल्या असतात. त्यांना 'आझुलेझु' म्हणतात, आणि तो शब्दही अरबीच. घासून गुळगुळीत केलेला लहानसा दगड असा त्याचा मूळ अर्थ. जेत्यांनी जितांना हाकलले, पण त्यांची कला भिंतीवर ठेवून घेतली. इतिहासात हे नेहमीच घडते.

टेकडी उतरून नदीच्या बाजूला आलो, तो एका घरापाशी पुतणी थांबली. "काका, हे घर तुम्ही बघायलाच हवं," ती म्हणाली. घर मोठे चमत्कारिक. दर्शनी भिंतभर दगडाचे टोकदार काटे, हिऱ्याच्या पैलूंसारखे. 'काझा दुश बिकुश', म्हणजे टोकांचे घर. ते १५२३ च्या सुमारास बांधले ब्राश द आल्बुकेर्क याने. १५१० साली गोवा घेणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्कचा हा मुलगा. मी त्या काट्यांकडे पाहत उभा राहिलो. बाप गोव्याच्या बंदरासमोर जहाजावर मेला, आणि आठएक वर्षांनी मुलगा इकडे हिऱ्यांच्या पैलूंचे घर बांधू लागला! भिंत सुंदर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्याकडे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे आजोबांचे मनगट आले, हेही तितकेच खरे.

तीच गोष्ट शहराच्या पश्चिमेला, बेलेंला. तिथला जेरोनिमुश मठ १५०१-०२ साली बांधायला घेतला. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर वीस हिश्शांना एक हिस्सा कर बसवून त्याचा खर्च भागवला, म्हणजे आमच्या मलबारच्या मिरीने त्या कमानी उचलून धरल्या आहेत म्हणा ना! राजा मानुएलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शैलीत दगडाचे दोरखंड कोरतात, समुद्रातली प्रवाळे कोरतात, गलबतावरची खगोलयंत्रे कोरतात. वास्को द गामाची कबर याच मठात आहे. जवळच नदीकाठी बेलेंचा बुरूज आहे. त्याच्या एका कोनाखाली झिजलेले जनावराचे तोंड दिसते. तो गेंडा! गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने तो आल्बुकेर्कला दिला, त्याने राजाला धाडला, आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. जर्मनीतल्या ड्यूररने त्याला कधी न पाहता, दुसऱ्याने केलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचे चित्र काढले आणि ते जगभर गाजले. मला त्या दगडी तोंडाबद्दल आपुलकी वाटली. एवढ्या परमुलखात आपल्याकडचा कुणीतरी पाचशे वर्षे ऊन-पाऊस खात उभा आहे!

असा दोन दिवस हिशेब मांडत फिरलो. ही कमान आमच्या मिरीची, ही वेदी ब्राझीलच्या सोन्याची. तिसऱ्या दिवशी मात्र शहराच्या सखल भागात, 'बायशा'त आलो आणि माझी वही थांबली.

आल्फामातून येणाऱ्याला इथे एकदम दुसऱ्याच गावात आल्यासारखे वाटते. सरळ रेषेत आखलेले रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, एकसारख्या उंचीच्या, एकसारख्या खिडक्यांच्या इमारती. कुठे नक्षी नाही, सरदाराच्या घराण्याचे चिन्ह नाही. रस्त्यांची नावे धंद्यांवरून: सोनारांचा, चांदीकारांचा, चांभारांचा, मुलामा देणाऱ्यांचा. आपल्याकडच्या कासार आळी, तांबट आळीसारखाच प्रकार. हे सगळे एका सकाळच्या प्रलयातून निघाले आहे.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊनंतर, चर्चे माणसांनी भरलेली आणि वेद्यांवर मेणबत्त्या तेवत असताना भूकंप झाला. काही मिनिटे जमीन हलत राहिली. छपरे कोसळली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले. नदी आधी मागे हटली, तळ उघडा पडला, आणि मग समुद्राच्या लाटा आत आल्या. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेटलेली आग पुढे पाच-सहा दिवस जळत होती. तीस-चाळीस हजार माणसे गेली असावीत असा बहुतेकांचा अंदाज आहे. राजवाडा गेला, त्यातला सत्तर हजार ग्रंथांचा संग्रह गेला, पूर्वेच्या व्यापाराचे दप्तर गेले, त्याच वर्षी उघडलेले नाट्यगृह गेले. राजा जुझे याने छताची अशी धास्ती घेतली, की पुढे तो १७७७ मध्ये मरेपर्यंत टेकडीवरच्या लाकडी निवासात राहिला.

राज्याची सूत्रे होती प्रधानाच्या हातात. तोच पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झाला. हा काही संतपुरुष नव्हता. १७५९ साली तावोरा घराण्यातल्या माणसांना त्याने ज्या क्रौर्याने चव्हाट्यावर मारवले, ते वाचून अंगावर काटा येतो. पण या संकटात त्याने डोके शांत ठेवले. रोगराई पसरू नये म्हणून प्रेते होड्यांत घालून समुद्रात सोडवली, धान्याचे भाव बांधून दिले, आणि मग माझ्यासारख्या मास्तराला आवडेल असे एक काम केले. राज्यातल्या सर्व धर्मगुरूंकडे त्याने एक प्रश्नपत्रिका धाडली! हादरे किती वेळ बसले? समुद्र आधी चढला की आधी ओसरला? जमिनीला भेगा पडल्या काय? माणसे किती मेली? देवाचा कोप म्हणून छाती पिटण्याच्या त्या काळात कुणीतरी काय घडले ते नीट विचारले. ती उत्तरे आजही जपून ठेवली आहेत, आणि भूकंपाच्या शास्त्राची सुरुवात तिथे झाली असे जाणते मानतात.

शहर पुन्हा बांधायचे कसे? हा प्रश्न गेला राज्याच्या मुख्य इंजिनियराकडे, मानुएल द माया याच्याकडे. त्याचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या वयात माणूस नातवंडांची लग्ने जुळवतो! यानेही पहिल्या महिन्याभरातच टिपण लिहिले आणि पाच मार्ग मांडले. होते तसेच उभारायचे, रस्ते रुंद करायचे, घरे ठेंगणी ठेवायची, सखल भाग सपाट करून नव्याने आखायचा, किंवा शहरच बेलेंकडे हलवायचे. चौथा मार्ग ठरला. आराखडा एउजेनिउ दुश सांतुश आणि हंगेरीतून आलेला कार्लुश मार्देल यांनी पुरा केला. व्यापाऱ्यांनी जकातीवर चार टक्के जादा देण्याचे कबूल केले.

आणि त्यांनी बांधली कशी घरे? खाली चिखलाची जमीन, म्हणून आधी पाइन लाकडाचे खुंट ठोकले. त्यांवर दगडी तळमजला. त्याच्या वर भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा: उभे वासे, आडवे वासे आणि त्यांच्या चौकटीत फुलीसारखे तिरपे वासे. मध्ये दगड-चुना भरायचा आणि वरून गिलावा करायचा. जमीन हलली की दगड फुटेल, पण लाकूड लवेल, घर अंगावर येणार नाही. या सांगाड्याला ते 'गायोला' म्हणतात. गायोला म्हणजे पिंजरा. असे सांगतात, की नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले आणि तो टिकतो का ते पाहिले. शिवाय दोन घरांमध्ये छपराच्याही वर जाणारी भिंत, आग पसरू नये म्हणून. खिडक्यांच्या चौकटी, दगड, गजकाम, सगळे ठरावीक मापाचे, आधी तयार करून आणलेले.

एका जुन्या इमारतीत दुरुस्तीसाठी गिलावा काढला होता. पुतणीच्या ओळखीने आत जायला मिळाले. अडीचशे वर्षांपूर्वीची ती लाकडी फुली मी हाताने चाचपली. रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही, कुणी वाखाणणार नाही, अशा ठिकाणी एका म्हाताऱ्याने आणि त्याच्या सुतारांनी पुढच्या पिढ्यांचा जीव वाचवायची तजवीज करून ठेवली होती. हे काही आमच्या मिरीचे नव्हते. हे त्यांच्या अकलेचे आणि घामाचे होते. इथे माझी हिशेबाची वही बंद झाली.

गंमत अशी, की याच पोंबालने जुना गोवाही पुन्हा उठवायचे मनावर घेतले होते. तापाच्या साथींनी ते शहर ओस पडत चालले होते. १७५९ सालीच व्हाइसरॉय पणजीच्या वाड्यात राहायला गेला होता. १७७४ मध्ये पोंबालने नव्या गव्हर्नराला शहर उभारण्याच्या सूचना दिल्या. काम सुरू झाले, मजूर तापाने मरू लागले, १७७७ मध्ये पोंबालची सत्ता गेली आणि बेत बारगळला. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. लिस्बन काही मिनिटांत पडले आणि उठले. जुना गोवा शंभर वर्षे पडत राहिला आणि उठला नाही. लिस्बन उठवणारे आपल्या घरासाठी राबत होते. गोव्यात हुकूम दूरचा होता आणि मरणारा मजूर जवळचा. मला तरी फरक हाच दिसतो.

निघायच्या आदल्या दिवशी दोन जागा पाहिल्या. एक आल्फामाच्या तोंडाशी, कॅथीड्रलजवळ, आल्जुबे नावाचा जुना तुरुंग. इथे १९२८ ते १९६५ पर्यंत राजकीय कैदी ठेवत. जेमतेम माणूस आडवा होईल एवढ्या अंधारकोठड्या. पुढे देशाचे अध्यक्ष झालेले मारियु सोआरिशही इथे कोंडलेले होते. आमच्या गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये शिक्षा झाल्यावर याच देशातल्या पेनिशच्या किल्ल्यात आणून ठेवले होते. ज्या राजवटीविरुद्ध आजोबा निघाले, ती स्वतःच्या माणसांनाही असेच कोंडत होती. मी मात्र वर्षानुवर्षे वर्गात 'पोर्तुगीज' असा एकच शब्द शिकवीत आलो. आता तिथे संग्रहालय आहे.

दुसरी जागा कार्मुचे चर्च. १७५५ मध्ये त्याचे छप्पर कोसळले आणि ते मुद्दाम तसेच ठेवले आहे. कमानी उभ्या, वर निळे आकाश. त्याला लागून असलेल्या छावणीत २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान लपला होता. बाहेर सैनिक आणि माणसांची गर्दी, बंदुकांच्या नळ्यांत लाल फुले. संध्याकाळी तो शरण आला. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला नव्या सरकारने गोवा भारताचा असल्याचे तहावर सही करून मान्य केले.

घरी आल्यावर हे सगळे आजीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तेंनी आपल्याच माणसांक पण कोंडल्यानी?"

"होय."

पुन्हा थोडा वेळ गेला. आजोबांच्या तसबिरीकडे तिने एकदा पाहिले.

"आणि तो घरां बांधणारो म्हातारो, तेचां वय काय म्हटलंस?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बरां केल्यान," आजी म्हणाली, आणि दिव्यांच्या वाती वळायला घेतल्या.