गियर अडतो कुठे?

दोन दातेरी चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असताना एकमेकांत बसवणे कठीणच. पूर्वी चालक दोनदा क्लच दाबून गती जुळवीत. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. दाते भिडण्याआधीच शंकूंच्या घर्षणाने गती जुळू लागली. कुर्ल्याच्या पद्मिनीत पहिल्या गियरला मात्र तो नव्हता. शिवाय दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, म्हणजे सांध्यांची लांबलचक साखळी! १९९०च्या दशकात कल्याणला बनलेल्या प्यूजो ३०९ मध्ये दांडा खाली आला. तरी गियर जड पडायचा तो पडतोच. अशा वेळी आम्ही आधी इंजिन बंद करून पाहतो. ही कसोटी फुकटची आहे. आता गियर सहज पडला, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. तसाच अडला, तर सांधे पाहावेत. एकाच गियरला खरखर होत असेल, तर त्याचा शंकू झिजला असावा.