घर नसलेल्याची दाढ

रात्री दाढ ठणकली की आपण लवंग धरतो, गाल शेकतो, सकाळी दवाखाना गाठतो. ज्याला घरच नाही, त्यानं काय करायचं? आजची गोष्ट इंग्लंडची.

५ जुलै १९४८ला तिथं सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. दात भरणं, काढणं, कवळी, सगळं फुकट. लोकांची रीघ लागली. वर्षानुवर्षांचं दुखणं साठलेलं! खर्च वाढला, तसे १९५१मध्ये सरकारनं कवळीला आणि चष्म्याला पैसे लावले. ही सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपद सोडलं. कवळीपायी मंत्र्यानं खुर्ची सोडली!

गरिबाला आजही माफी आहे, पण अर्ज, पुरावे लागतात. फुटपाथवर झोपणारा कागद कुठं जपणार? २०१७मध्ये ‘ग्राउंडस्वेल’ संस्थेनं लंडनमधल्या २६० बेघरांना विचारलं. शंभरात १५ जणांनी स्वतःचा दात स्वतःच उपटला होता. दुखणं मारायला दारू घेणारे त्याहून जास्त.

या संस्थेत पूर्वी बेघर राहिलेली माणसं काम करतात. आपल्याकडं आशाताई बाळंतिणीला दवाखान्यात नेते ना, तशी ती बेघरांसोबत डॉक्टरांकडं जातात.